मवाळ: कुणीच न मागितलेलं नाव

राजकारणात टोकाची भाषा न बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत शंभर-सव्वाशे वर्षं एक शब्द तयार आहे: मवाळ. अडचण एवढीच, की ज्यांना तो लागला त्यांनी तो मागितला नव्हता. समोरच्यांनी दिला आणि तो चिकटला. मग हा शिक्का पुसायला त्यांनी एकामागून एक नवी नावं घेतली, त्याची ही हकिकत.

शब्द मुळात शिवीचा नव्हे. तो मऊच्या घराण्यातला. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, अहिंसा अंगी मुरलेल्या माणसाची वाणी कशी असते हे सांगताना ज्ञानेश्वरांनी खरेपणाच्या शेजारीच मवाळपणाला जागा दिली आहे. खरं बोलायचं आणि तरी मवाळ बोलायचं, ही तिथे मोठी कमाई मानली आहे. त्याच्या विरुद्ध टोकाच्या जहाल या शब्दाची सोयरीक मात्र विषाशी आणि कडक औषधाशी. राजकारणात उतरल्यावर दोघांची पत उलटीपालटी झाली. विषाचं विशेषण मर्दपणाचं ठरलं आणि संतांनी गौरवलेलं विशेषण भित्रेपणाचं.

ज्यांना मवाळ म्हटलं गेलं त्या मंडळींनी स्वतः निवडलेलं नाव वेगळंच होतं. 1895 मध्ये पुण्याची सार्वजनिक सभा टिळकांच्या हाती गेली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांनी पुढच्याच वर्षी डेक्कन सभा काढली. तिच्या जाहीरनाम्यात रानड्यांनी दोन ब्रीदं सांगितली: उदारमत आणि नेमस्तपणा. नेमस्तपणाचा त्यांचा अर्थ घाबरून गप्प बसणं असा नव्हता. फार दूरच्या किंवा अशक्य ध्येयामागे धावू नये, हाताशी असलेलं काम करत रोज पुढचं एक पाऊल टाकावं आणि समोरच्याशी न्यायाने वागावं, असा होता. नेमस्त हा शब्दही जुना. पेशवाईच्या कागदांत नेमस्त म्हणजे नेमून दिलेला, ठरवलेला. त्यातूनच तो बेताचा, मर्यादा ओळखणारा या अर्थाकडे सरकला. मला विचाराल तर या साऱ्या नावांत हेच नाव सर्वांत नेमकं होतं. पण सभेत कुणाला नेमस्त म्हणून हिणवता येत नाही. शब्द फारच सभ्य आहे. मवाळ म्हणताना तोंड वाकडं करता येतं.

आणि तोंड वाकडं करायला कारण 1897 मध्येच मिळालं. पुण्यात प्लेग होता, घरोघर सोल्जर झडत्या घेत होते. गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथे सांगितलं, की सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. परतल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रलेखकांची नावं त्यांनी दिली नाहीत, आणि नावांशिवाय आरोप उभा राहीना. त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. त्याच वर्षी सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. एकाच वर्षातल्या दोन गोष्टी लोकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या: एकाने माफी मागितली, दुसरा तुरुंगात गेला. गोखल्यांनी सरकारपुढे मान तुकवली, पण मित्रांना सरकारच्या हवाली केलं नाही, हा हिशेब फार कुणी मांडला नाही.

मात्र जहालांच्या बाजूनेही न्याय करायला हवा. काँग्रेसच्या अर्जविनंत्यांवरचा राग पुण्यातच जन्मला होता असं नाही. 1893-94 मध्ये मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये बडोद्याला नोकरी करणाऱ्या तरुण अरविंद घोषांनी काँग्रेसच्या पुढाऱ्यांवर इतकी सडकून टीका करणारी लेखमाला लिहिली, की रानड्यांनी पत्राच्या चालकांना सावध केलं. दर वर्षी ठराव करायचे, सरकारने ते बाजूला ठेवायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या प्रकाराला भिक्षांदेही म्हणणाऱ्यांचा संताप खोटा नव्हता.

या नावांचं खरं मर्म ओळखलं ते टिळकांनीच. 2 जानेवारी 1907 ला कलकत्त्यात नव्या पक्षाची तत्त्वं मांडताना सुरुवातीलाच ते म्हणाले, की मवाळ आणि जहाल हे दोन शब्द काळाला बांधलेले आहेत. आजचे जहाल उद्याचे मवाळ होतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. त्यांनी दाखला दिला तो दादाभाई नौरोजींचा. दादाभाईंचे विचार पहिल्यांदा लोकांपुढे आले तेव्हा तेही जहालच ठरले होते. टिळकांचा गट स्वतःला राष्ट्रीय पक्ष म्हणवी. जहाल हेसुद्धा इतरांनीच दिलेलं नाव.

त्याच वर्षी डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोषांचं नाव पुढे होतं. टिळक आपली दुरुस्ती मांडायला व्यासपीठावर चढले, अध्यक्षांनी बोलू दिलं नाही, ते हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. लोक त्यांच्यावर धावून आले. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. त्याने लिहून ठेवलं आहे, की या वेळी गोखले दोन्ही हात पसरून टिळकांच्या आड उभे राहिले. पाठोपाठ एक मराठी जोडा उडत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. सुरत म्हटलं की आपल्याला जोडा आठवतो. पसरलेले हात मात्र पुस्तकातच राहिले.

तरी नाव सुटत नव्हतं. मिठावरचा कर मणी अडीच रुपयांवरून 1907 पर्यंत एक रुपयावर आला, त्यामागे गोखल्यांची अंदाजपत्रकावरची भाषणं होती. 1911 मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. पोरांना शाळेत घाला ही मागणी सरकारला परवडण्याइतकीही मवाळ नव्हती. त्यांच्या भारत सेवक समाजातले ना. म. जोशी पुढे 1920 मध्ये आयटक ही कामगार संघटना उभारणाऱ्यांत होते. गिरणी कामगारांची संघटना बांधणाऱ्यालाही मवाळच म्हणायचं का, हे कुणी ठरवलं नाही.

अखेर 1918 मध्ये माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवरून ही मंडळी काँग्रेसमधून वेगळी झाली. मुंबईत नोव्हेंबरात सुरेंद्रनाथांच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली, ती मवाळांची म्हणूनच ओळखली गेली. पण या नावावर संसार होणार नाही हे लवकरच लक्षात आलं, आणि संस्था नॅशनल लिबरल फेडरेशन झाली. म्हणजे रानड्यांच्या दोन ब्रीदांपैकी पहिलं ठेवलं, दुसरं सोडलं. मराठीत ते झाले प्रागतिक. पुढे जाणारा, असा हा शब्द. मऊपणाचा त्यात मागमूस नाही. नावाबरोबर धारही थोडी आली असावी: 1928 मध्ये सायमन आयोगावरच्या बहिष्कारात हे प्रागतिकही होते. रँग्लर परांजप्यांसारखा तर्ककठोर माणूस त्यांच्यात होता, विद्वत्तेची वाण नव्हती. वाण होती ती मतदारांची.

टिळकांचं भाकीत मात्र त्यांच्याच घरी खरं ठरलं. 1919 मध्ये अमृतसरला त्यांनी सरकारशी प्रतियोगी सहकारितेची भूमिका घेतली. वर्षभरात ते गेले, आणि गांधींचा असहकार आला. त्याच्यापुढे टिळकांचे अनुयायी एकाएकी थंड दिसू लागले. न. चिं. केळकर, मुंजे, जयकर यांनी 1926 मध्ये प्रतिसहकार पक्ष काढला, कायदेमंडळात जाऊन जमेल ते मिळवायचं म्हणून. यातले केळकर ‘केसरी’चे. त्या कचेरीतून मवाळांवर दोन दशकं तोफा डागल्या गेल्या होत्या. आणि 1930 मध्ये गांधी येरवड्यात असताना सरकारशी तडजोड जमते का हे पाहायला जे दोघे तुरुंगात ये-जा करत होते, त्यांतले तेजबहादूर सप्रू प्रागतिक होते, दुसरे हेच जयकर.