बाळंतपणानंतर विसरली जाणारी नोंद

गरोदरपणी काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जातात आणि क्वचित आकडी येते. या आकडीला एक्लॅम्प्सिया म्हणतात. १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील जॉन लीव्हर यांनी अशा स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन आढळते, हे दाखवले. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रीवा-रोची यांचे साधन आले ते १८९६ मध्ये. रक्तात काही विष भिनत असावे असा समज असल्याने या विकाराला गर्भविषबाधा असेही नाव पडले. बाळंतपण झाले की विष गेले आणि विषय मिटला, असे मानले जाई.

तो खरेच मिटत होता का? हा प्रश्न चिकाटीने धरून ठेवला लिऑन चेस्ली या अमेरिकन संशोधकाने. जर्सी सिटीच्या मार्गारेट हेग प्रसूतिगृहात १९३१ ते १९५१ या काळात आकडीतून वाचलेल्या २७० स्त्रियांचा त्यांनी मागोवा घेतला. १९७४ पर्यंत एक सोडून सर्वजणींची माहिती त्यांनी मिळवली होती! पहिल्या गरोदरपणी आकडी आलेल्या गोऱ्या स्त्रियांमध्ये पुढील मृत्यूंचे प्रमाण वाढलेले नव्हते. नंतरच्या खेपेला आलेल्यांत मात्र ते दुपटीहून अधिक होते. म्हणजे आकडीने रक्तदाबाचा विकार जडत नाही, आधीच दडलेला उघड होतो, असे चेस्लींचे मत झाले.

पण २७० ही संख्या लहानच. २००१ मध्ये नॉर्वेतील सव्वासहा लाख पहिलटकरणींच्या नोंदी तपासल्या गेल्या. गरोदरपणी हा विकार होऊन मुदतीआधी बाळंत झालेल्या स्त्रियांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका, विकार न होता पूर्ण दिवसांनी बाळंत झालेल्यांच्या सुमारे आठपट निघाला. २०११ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने या विकाराचा समावेश स्त्रियांच्या हृदयविकाराच्या धोक्यांत केला.

गरोदरपण ही जणू हृदयाची चाचणी परीक्षाच. विकारामुळे रक्तवाहिन्या बिघडतात की आधीची कमजोरी दिसून येते, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. उपाय मात्र दोन्ही पक्षी एकच : दरवर्षी रक्तदाब मोजणे, रोज चालणे, मीठ बेताचे, तंबाखू-मिश्री बंद.

अडचण वेगळीच आहे. बाळंतिणीचे सारे लक्ष बाळाकडे असते, घराचेही. तिला चालायला अर्धा तास हवा, तर तेवढा वेळ बाळ कोणीतरी सांभाळले पाहिजे. नुसत्या उपदेशाने हे होत नाही. आपल्या आईला, बहिणीला, सहकारी बाईंना एवढेच विचारावे : गरोदरपणी रक्तदाब वाढला होता का? उत्तर ‘हो’ असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवे, मग मूल दहावीत का असेना.