यंत्राचे वार्धक्य

बैलगाडीची धाव सैल झाली की मंठाळसारख्या गावी लोहाराचा भाता पेटे आणि आरा मोडला की सुताराचा वाकस चाले. गाडी घडविणारा आणि ती दुरुस्त करणारा एकाच गावकुसात नांदत. त्यामुळे गाडी जुनी झाली तरी निराधार होत नसे. मोटार आली आणि हा शेजार तुटला. या ताटातुटीचे एक ठळक उदाहरण इंदूरच्या होळकर दरबारात सापडते.

महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग कारखान्याची ‘एस. जे.’ जातीची वेगवान मोटार घेतली. तिचा वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग यांनी चढविला. एका रांगेत आठ सिलिंडर, बत्तीस व्हॉल्व्ह, इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा आणि ३२० अश्वशक्ती असा तिचा दिमाख होता. या जातीच्या मोटारीत आणखी एक विशेष असे. ठराविक अंतर तोडले की सांध्यांना आपोआप वंगण पोहोचे. तेल बदलण्याची किंवा बॅटरीतील पाणी पाहण्याची वेळ झाली की चालकापुढे दिवा लागे. आपली निगा कशी राखावी, हे यंत्रच मालकाला सांगत असे.

परंतु १९३७ साली तो कारखानाच बंद पडला. दिवा पूर्वीप्रमाणेच लागे. मात्र नवे सुटे भाग घडविणारी मूळ भट्टी थंडावली होती. अशा मोटारीचा एखादा भाग झिजला, तर तशीच दुसरी मोटार मोडून तो मिळवावा, किंवा झिजलेल्या भागावरून माप घेऊन कुशल कारागिराकडून नवा घडवून घ्यावा, एवढेच मार्ग उरतात.

त्यातही उभे राहणे धावण्याहून घातक ठरते. तेलदाबाच्या ब्रेकमधील रबर कडक होते, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा बसतो, इंजिनाभोवतीच्या पाण्याच्या वाटा गंजतात. धावणारी मोटार झिजते. उभी मोटार मात्र आतून कुजते.

१९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९६१ साली महाराज निवर्तले, आणि ती मोटार परदेशी संग्राहकांच्या हाती गेली. ड्यूझेनबर्गचे वैभव केवळ तिच्या पोलादामुळे टिकलेले नाही. १९५२ साली अमेरिकेत अशा मोटारींच्या चाहत्यांनी संघ स्थापन केला आणि कारखान्याच्या पश्चात ते ज्ञान जिवंत ठेवले.

भारतात २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम झाले. नोंदीने मोटारीचा क्रमांक टिकेल. पण तिचा आवाज ऐकून दोष ओळखणारा कान नोंदवहीत साठविता येत नाही. तो कान गुरूकडून शिष्याकडे गेला, तरच जुने यंत्र जगते. गावच्या लोहाराला हे कोणी सांगावे लागले नव्हते. त्याच्या भात्यापाशी त्याचा मुलगा बसलेलाच असे.