न खेळलेल्या खेळांचा निवाडा : रॉजर ईबर्ट आणि व्हिडिओ गेमची समीक्षा (१९९४-२०१३)

प्रस्तावना :
एखादे नवे माध्यम उदयास आले की त्यास कलेच्या पंक्तीत स्थान द्यावे किंवा नाही, असा वाद उपस्थित होतो. छायाचित्रण आणि चित्रपट ही दोन्ही माध्यमे या वादातून गेली आहेत. व्हिडिओ गेमच्या संदर्भात अमेरिकेत हा वाद २००५ ते २०१० या काळात विशेष तीव्र झाला. त्याच्या केंद्रस्थानी एक चित्रपट समीक्षक होता, ही बाब लक्षणीय आहे. रॉजर ईबर्ट (१९४२-२०१३) हे १९६७ पासून 'शिकागो सन-टाइम्स' या वृत्तपत्रात चित्रपट परीक्षणे लिहीत होते. समीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळवणारे (१९७५) ते पहिले चित्रपट समीक्षक होत. प्रस्तुत लेखात त्यांनी निरनिराळ्या गेमविषयी दिलेल्या अभिप्रायांचा कालक्रमाने परामर्श घेऊन, समीक्षकाचा अधिकार कशावर आधारलेला असतो, या प्रश्नाचा विचार केला आहे.

१९९४ : अनुभवातून आलेला अभिप्राय :
ईबर्ट यांना व्हिडिओ गेमचे आरंभापासूनच वावडे होते, असा समज रूढ आहे. तो वस्तुस्थितीस धरून नाही. १९९४ मध्ये 'वायर्ड' या मासिकात त्यांनी 'कॉस्मॉलॉजी ऑफ क्योटो' या जपानी गेमचे परीक्षण लिहिले होते. या गेममध्ये खेळाडू सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या क्योटो नगरात भटकतो, मृत्यू पावतो, नरकयातना भोगतो आणि कर्मानुसार पुनर्जन्म घेतो. येथे जिंकण्यासारखे फारसे काही नाही. ईबर्ट यांनी या गेममधील माहिती, साहस, विनोद आणि कल्पकता यांच्या मेळाची मनःपूर्वक प्रशंसा केली. कोणत्याही दोन खेळाडूंना सारखा अनुभव येणार नाही, हा त्यांच्या दृष्टीने या गेमचा गुण होता.

२००५ ते २०१० : सिद्धांतातून आलेला निवाडा :
२००५ मध्ये 'डूम' या गेमवर आधारित चित्रपटाचे ईबर्ट यांनी प्रतिकूल परीक्षण केले. त्यातून वाचकांशी सुरू झालेल्या चर्चेत त्यांनी, गेम हे माध्यम मूलतःच चित्रपट व साहित्य यांच्याहून कनिष्ठ असल्याचे मत मांडले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : कलाकृती निर्मात्याच्या नियंत्रणाखाली आकारास येते, तर गेममध्ये निवडीचा अधिकार खेळाडूकडे जातो, त्यामुळे निर्मात्याची दृष्टी अखंड राहत नाही. १९९४ मध्ये जो गुण ठरला होता, तोच येथे मूलभूत दोष ठरला. २००७ मध्ये लेखक व दिग्दर्शक क्लाइव्ह बार्कर यांनी या मताचा प्रतिवाद केला. तथापि ईबर्ट आपल्या भूमिकेवर ठाम राहिले.

एप्रिल २०१० मध्ये त्यांनी गेमनिर्मात्या केली सँटियागो यांच्या एका व्याख्यानास लेखी उत्तर दिले. सँटियागो यांनी गेम ही कला असल्याच्या पुष्ट्यर्थ तीन उदाहरणे दिली होती. टेक्सासमधील १९९३ च्या वेको प्रकरणावरील 'वेको रेझरेक्शन' हा त्यांपैकी एक. ईबर्ट यांना त्यात केवळ बुद्धिहीन गोळीबार दिसला. 'ब्रेड' (२००८) या गेममध्ये खेळाडूस काळ उलटा फिरवून आपली चूक सुधारता येते. बुद्धिबळात केलेली चाल परत घेण्यासारखेच हे आहे व त्यामुळे खेळाची शिस्तच नाहीशी होते, असा त्यांचा आक्षेप होता. 'फ्लॉवर' (२००९) मध्ये खेळाडू वारा होऊन पाकळ्या वाहून नेतो. त्याचे सौंदर्य त्यांनी शुभेच्छापत्रावरील चित्राच्या पातळीचे ठरवले. हे तिन्ही निवाडे त्यांनी व्याख्यानात दाखवलेली दृश्ये पाहून दिले होते. त्यांपैकी एकही गेम ते खेळले नव्हते.

कबुली :
या लेखावर हजारो वाचकांनी आक्षेप नोंदवले. जुलै २०१० मध्ये ईबर्ट यांनी नवा लेख लिहून, ज्याचा अनुभव घेतला नाही त्याविषयी मत द्यावयास नको होते, हे मान्य केले. आपण 'कॉस्मॉलॉजी ऑफ क्योटो' आवडीने खेळलो होतो आणि 'मिस्ट' खेळण्याइतका धीर आपल्याजवळ नव्हता, हेही त्यांनी नमूद केले. गेम कला होऊ शकत नाही, हे तत्त्व मात्र त्यांनी सोडले नाही. तसेच नव्याने गेम खेळून पाहण्याची तयारीही दाखवली नाही. २००६ मधील शस्त्रक्रियेनंतर त्यांची वाणी गेली होती व लेखन हेच त्यांच्या संवादाचे मुख्य साधन उरले होते. अशा काळात आपल्याच लेखनातील उणीव जाहीरपणे मान्य करणे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

उत्तरकाळ :
२०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ अशा बहुमताने, पुस्तके, नाटके व चित्रपट यांच्याप्रमाणेच व्हिडिओ गेमलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचा निर्णय दिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहासाठी १४ गेम निवडल्याचे जाहीर केले. त्यांत 'मिस्ट'चाही समावेश होता. एप्रिल २०१३ मध्ये ईबर्ट यांचे निधन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'फ्लॉवर' हा गेम वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमच्या कायम संग्रहात दाखल झाला. तथापि न्यायालयापुढील प्रश्न स्वातंत्र्याचा होता, कलामूल्याचा नव्हे; न्यूयॉर्कच्या संग्रहालयानेही हे गेम अभिकल्पाचे नमुने म्हणून स्वीकारले होते. त्यामुळे या घटनांनी मूळ वाद कायमचा मिटला, असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष :
ईबर्ट यांच्या अभिप्रायांकडे एकत्रितपणे पाहता असे दिसून येते की, ज्या गेमचा त्यांनी स्वतः मनापासून अनुभव घेतला, त्याविषयीचे त्यांचे लेखन सूक्ष्म व उदार आहे. जे गेम त्यांनी केवळ दुरून पाहिले, त्यांच्याविषयी त्यांचा सिद्धांतच बोलतो. चित्रपट न पाहता लिहिलेले परीक्षण त्यांनी स्वतः कधीही ग्राह्य मानले नसते. व्यासंग एका माध्यमात कितीही सखोल असला, तरी त्यातून मिळणारा अधिकार दुसऱ्या माध्यमात आपोआप लागू होत नाही. कलाकृतीच्या प्रत्यक्ष परिचयाने तो प्रत्येक वेळी नव्याने मिळवावा लागतो. ज्ञानशाखांच्या सीमा ओलांडून विचार करू पाहणाऱ्या अभ्यासकांसाठी या इतिहासाचे महत्त्व येथेच आहे.