शब्दवेध : नाइस

लॅटिन ‘नेस्किउस’ म्हणजे अजाण. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला ‘नाइस’ आधी मूर्खाला लावत. छान हा अर्थ अठराव्या शतकातला. युनिक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीने त्याला मला सर्वांत आवडणारा अर्थ दिला : भिडस्त. तिथे प्रत्येक चालू प्रोग्रामला नाइस-अंक असतो, उणे २० ते १९. अंक मोठा, तितका प्रोग्राम इतरांना पुढे जाऊ देणारा. उणे अंक सहसा फक्त रूटच, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ताच, देऊ शकतो. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सवर ० आणि ५ अंकांच्या दोन प्रोग्राममध्ये एकच प्रोसेसर साधारण तीनास एक वाटला जातो. गर्दी नसेल, तर भिडस्तालाही पूर्ण प्रोसेसर मिळतो! अंधेरीच्या सीप्झमध्ये, पवईच्या आयआयटीत सामायिक सर्व्हरवर तासन्‌तासांचे काम लावणाऱ्यांनो, आज्ञेआधी ‘नाइस’ जरूर लिहा.