इग्नायटर (घरगुती गॅस फर्नेसचा)

उत्तर अमेरिकेत घर उबदार ठेवणाऱ्या गॅस फर्नेसमधील बर्नर पेटवणारा विजेचा भाग. वीज मिळताच तो तापून लालबुंद होतो आणि त्या धगीनेच गॅस पेट घेतो. ठिणगी पडत नाही. आपल्याकडच्या गॅस गीझरमध्ये बॅटरीवर टकटक ठिणगी पाडणारी सोय असते, तिच्याशी याची गल्लत करू नये. न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरांटोकडे संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांची या भागाशी ओळख होते ती बहुधा तो बिघडल्यावरच, आणि तीही ऐन थंडीत.

पूर्वी फर्नेसमध्ये पायलटची लहान ज्योत अहोरात्र जळत असे. १९७० च्या दशकातील ऊर्जाटंचाईत ही उधळपट्टी डोळ्यांवर आली. पुढे १९८७ च्या अमेरिकी कायद्याने घातलेली किमान ७८ टक्के वार्षिक कार्यक्षमतेची अट १९९२ मध्ये लागू झाली आणि नव्या फर्नेसमधून कायम जळणारी पायलट जवळजवळ हद्दपार झाली. तिच्या जागी आलेले तप्तपृष्ठ इग्नायटर आधी सिलिकॉन कार्बाइडचे असत. हा पदार्थ १,००० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान सहज सोसतो, पण ठिसूळ असतो. काही वर्षांच्या तापण्या-निवण्यात त्याला तडा जातोच. नंतरचे सिलिकॉन नायट्राइडचे इग्नायटर चिवट निघाले आणि ते जास्त टिकतात.

घर गार पडले की पहिला आरोप इग्नायटरवर येतो. पुष्कळदा तो खरा ठरतो, पण नेहमी नाही. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी धूर बाहेर ओढणारा इंड्यूसर पंखा फिरतो. त्याच्या ओढीने प्रेशर स्विच जुळतो, मग इग्नायटर तापू लागतो. साधारण १५ ते ३० सेकंदांनी गॅसची झडप उघडते, ज्योत लागते, फ्लेम सेन्सर तिची खात्री करून घेतो आणि शेवटी घरभर गरम हवा फेकणारा ब्लोअर सुरू होतो. हा क्रम कुठे अडला, ते पाहायचे. इंड्यूसरच फिरला नाही, तर इग्नायटरची पाळी आलेलीच नसते. ज्योत लागून काही सेकंदांत विझत असेल, तर दोष बहुतेक काजळलेल्या फ्लेम सेन्सरचा. तो नुसता पुसूनही काम भागते. इंड्यूसर नीट फिरतो, पण झरोक्यातून लाली दिसत नाही, तेव्हा मात्र संशय इग्नायटरवर घ्यावा. नियंत्रण बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो तेही मोजावे. त्या खुणांचा तक्ता सहसा फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.

खात्री मल्टीमीटरने होते. वीज बंद करून, भाग निवू देऊन त्याची जोडणी सोडवावी आणि रोध मोजावा. थंड सिलिकॉन कार्बाइड साधारण ४० ते ९० ओहम दाखवतो. नायट्राइडचे आकडे प्रकारागणिक बदलतात, ते पुस्तिकेत पाहावेत. मीटर अनंत रोध दाखवत असेल, तर भाग तुटलेला आहे. बारीक तडा कधी कधी तापल्यावरच उघडा पडतो आणि थंड मोजणीत निसटतो. अशा वेळी तापण्याच्या टप्प्यात जोडणीपर्यंत वीज पोचते का, हे तपासावे लागते. बऱ्याच फर्नेसमध्ये ती १२० व्होल्ट असते. वीज येते आणि लाली येत नाही, म्हणजे इग्नायटर गेला. वीजच येत नसेल, तर दोष बोर्ड, वायर किंवा प्रेशर स्विचकडे शोधावा. ही चाचणी चालू विजेवरची असल्याने सराव नसलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

बदलण्याचे काम त्यामानाने सोपे आहे. वीज आणि गॅस दोन्ही बंद करावे, एखाद-दोन स्क्रू काढावेत आणि जुना भाग अलगद ओढून घ्यावा. नवा इग्नायटर त्याच मॉडेलसाठी सांगितलेलाच हवा. त्याला फक्त चिनीमातीच्या बुडाशी धरावे. तापणाऱ्या भागाला बोट लागले, तर त्वचेचे तेल चिकटून तिथे जास्त उष्णता साचते आणि तो लवकर फुटतो. बर्नरपासूनचे अंतर मूळचेच ठेवावे. मग फर्नेस चालू करून दोन-तीन वेळा पेटताना पाहावी.

नवा इग्नायटरही लवकर जात असेल, तर तो वारंवार बदलत राहण्यात अर्थ नाही. धुळीने तुंबलेल्या फिल्टरमुळे फर्नेस तापून सारखी बंद-चालू होते का, घरातला व्होल्टेज जास्त आहे का, वरून पाणी ठिबकते का, हे आधी पाहावे.

गॅसचा वास आला, तर कुठलाही स्विच न दाबता घराबाहेर पडावे आणि फोन बाहेरूनच करावा. गॅसची झडप किंवा नळी यांचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडेच द्यावे.