मोडक्या वस्तूंची कला

आपल्याकडील जुन्या घरांत एक वस्तु अशी असते कीं जिच्याकडे कलाकृति म्हणून सहसा कोणी पाहत नाहीं. ती म्हणजे गोधडी. आजीचें विटलेलें लुगडें, आजोबांचें जीर्ण धोतर, नातवाचें आंखूड झालेलें आंगडें, हीं सारीं तिच्या पोटांत एका दोऱ्यानें टांचलेलीं असतात. आणि घरांतील जाणती बाई त्या तुकड्यांवर बोट ठेवून, हा कोणाच्या लग्नांतला, हा कोणाच्या बारशाचा, हें सांगूं शकते. जुनें कापड वायां जाऊं नये म्हणून गोधडी शिवतात, हें खरें. पण काटकसर हें तिचें निमित्त झालें. तिचा अर्थ त्याहून मोठा आहे. मोडक्या, टाकलेल्या, कालबाह्य झालेल्या वस्तूंपासून चित्रें व शिल्पें घडविण्याची जी कला विसाव्या शतकांत युरोपांत नांवारूपास आली आणि पुढें आपल्या देशांतही जिनें एक अपूर्व कृति उभी केली, तिच्याविषयीं मी आज बोलणार आहें. रेडिओवरून चित्र दाखवितां येत नाहीं, तेव्हां शब्दांवरच भागवून घ्यावें लागणार.

या कलेचा आरंभ सामान्यतः १९१२ सालीं पॅरिसमध्यें झाला असें मानतात. त्या वर्षीं पाब्लो पिकासोनें एका लंबवर्तुळाकृति स्थिरचित्रावर वेताच्या विणीचा छाप असलेलें मेणकापड चिकटविलें आणि चौकटीच्या जागीं भोंवतालीं खरा दोर बसविला. चित्रकारानें वेताची खुर्ची रंगवावी ही रूढ रीत. येथें बाजारांतलें कापडच चित्रांत येऊन बसलें. पुढें पांच वर्षांनीं मार्सेल द्यूशाँ यानें न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाकडे चिनी मातीचें मूत्रपात्र, त्यावर भलत्याच नांवाची सही करून, शिल्प म्हणून पाठविलें. त्यावरून उठलेला वाद अद्यापि पुरता शमलेला नाहीं. द्यूशाँचा प्रश्न बुद्धीस चिमटा काढणारा आहे यांत शंका नाहीं. परंतु मला स्वतःला त्यांत वस्तूविषयींचा जिव्हाळा दिसत नाहीं. तेथें वस्तु हा केवळ वादांतील एक मुद्दा आहे. तिच्या पूर्वायुष्याशीं कलावंतास कांहीं कर्तव्य नाहीं. ज्यांना तें होतें अशा दोघांची हकीकत मला सांगावयाची आहे.

त्यांतला पहिला कुर्ट श्वित्तर्स. याचा जन्म १८८७ सालीं जर्मनींतील हानोव्हर शहरीं झाला. ड्रेस्डेनच्या कलाशाळेंत त्यानें रीतसर शिक्षण घेतलें होतें. निसर्गदृश्यें व व्यक्तिचित्रें काढण्यांत त्याचा हात तयार होता. पहिल्या महायुद्धांत त्याला एका लोखंडाच्या कारखान्यांत यंत्रांचे आराखडे काढण्याच्या कामावर लावण्यांत आलें. १९१८ सालीं जर्मनीचा पराभव झाला, बादशाही कोसळली, आणि ज्या व्यवस्थेवर सामान्य माणसाचा विश्वास होता ती डोळ्यांदेखत विस्कटली. श्वित्तर्सनें रंगाची पाटी सोडली नाहीं. पण तो आतां रस्त्यांतून खालीं पाहत चालूं लागला. ट्रामचीं तिकिटें, वर्तमानपत्रांच्या चिंधड्या, वेष्टनांचे कागद, तारा, बुचें, मोडकीं चाकें, जें सांपडेल तें तो वेंची आणि फलकावर सरसानें व खिळ्यांनीं बसवी. अशाच एका चित्रांत एका बँकेच्या जाहिरातीचा तुकडा होता. ‘कोमेर्त्स’, म्हणजे व्यापार, या शब्दाचें डोकें कात्रींत गेलें होतें आणि मागें ‘मेर्त्स’ एवढींच अक्षरें उरलीं होतीं. त्या निरर्थक शेपटाचेंच नांव त्यानें आपल्या साऱ्या कलेस दिलें. व्यापाराची अशी थट्टा अन्य कोणत्या चित्रकारानें केली असेल असें मला वाटत नाहीं.

ट्रामचें तिकीट ही वस्तु घ्या. प्रवास चालू असतो तोंवर आपण तें मुठींत जपतों, तपासनीस आला कीं पुढें करतों, आणि उतरतांच टाकून देतों. त्याचा कागद हिरवा होता कीं गुलाबी, त्यावरचे आंकडे कोणत्या वळणाचे होते, हें आपणांस सांगतां यावयाचें नाहीं. वस्तु उपयोगाची असते तोंपर्यंत आपण ती वापरतों. ती पाहण्यास आपणांस सवड नसते. तिचा उपयोग संपला म्हणजे मग तिचा रंग, तिची झीज, तिच्यावर पडलेली कोणा अनोळखी बोटांची घडी दिसूं लागते. श्वित्तर्सला स्फूर्ति मिळाली ती येथें. शिवाय, नळींतून काढलेला रंग चित्रकाराच्या इच्छेस वश असतो. वेंचलेला तुकडा तसा नसतो. तो स्वतःचा आकार आणि स्वतःचा इतिहास घेऊन येतो आणि चित्रकाराचा बेत मोडतो. या मोडण्यांतून जी नवी रचना सुचते ती आधीं मनांत नव्हतीच.

१९२३ च्या सुमारास त्यानें हानोव्हरमधील आपल्या राहत्या घरांतच एक विलक्षण रचना आरंभिली. एका खोलींत सांपडलेल्या वस्तूंचा एक खांब उभा राहिला. तो वाढत गेला, त्याला फांटे फुटले, त्यावर गिलाव्याचे पांढरे कोनाकोनांचे थर चढले आणि पुढें त्यानें शेजारच्या खोल्यांतही प्रवेश केला. त्याच्या पोटांत लहान लहान गुहा होत्या. त्यांतल्या कांहीं मित्रांच्या नांवें राखलेल्या असून त्यांत त्या त्या मित्राकडून मिळविलेल्या, क्वचित् न विचारतां उचललेल्याही, वस्तु ठेवलेल्या असत. घरांतल्या माणसांनीं हें सारें कसें सोसलें असेल याचा विचार केला म्हणजे त्याची पत्नी हेल्मा हिच्याविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं.

पुढें नाझी राजवट आली. १९३७ सालीं म्यूनिच येथें ‘अधःपतित कला’ म्हणून जें प्रदर्शन सरकारनें भरविलें त्यांत श्वित्तर्सचीं चित्रें उपहासासाठीं टांगलीं होतीं. त्याच वर्षाच्या जानेवारींत तो देश सोडून नॉर्वेस निघून गेला होता. घर सांभाळण्यास हेल्मा मागें राहिली. १९४० सालीं जर्मन सैन्य नॉर्वेंत उतरलें, तेव्हां तो मुलासह ब्रिटनमध्यें पळून आला. आणि जर्मन म्हणून ब्रिटिशांनीं त्याला आइल ऑफ मॅन या बेटावरील छावणींत अडकवून ठेवलें. तेथें साहित्य कोठलें? सोबतचे कैदी सांगतात कीं त्यानें न्याहारीच्या उरलेल्या लापशीचीं शिल्पें केलीं. त्यांस बुरशी चढे आणि दुर्गंधि सुटे. ऐकतांना हंसूं येतें, पण ज्याला वेंचण्याची दृष्टि लाभली आहे त्याचें साहित्य हिरावून घेणें किती कठीण असतें, हेंही त्यांत दिसतें. १९४३ च्या ऑक्टोबरांत हानोव्हरवर बाँब पडले आणि तें घर, तो खांब, त्या गुहा, सर्व नष्ट झालें. पुढच्या वर्षीं हेल्माही वारली.

युद्धानंतर तो उत्तर इंग्लंडच्या सरोवरांच्या मुलखांत राहिला. पोटासाठीं लोकांचीं व्यक्तिचित्रें रंगवी. १९४७ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें त्याला एक हजार डॉलर दिले. त्या आधारावर त्यानें एल्टरवॉटर येथें शेतावरील एका दगडी कोठारांत आपलें हरवलेलें घर पुन्हां मांडावयास घेतलें. एकच भिंत, तीही अपुरी, त्याच्या हातून झाली. १९४८ च्या जानेवारीच्या ७ तारखेस त्याला ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झालें आणि ८ तारखेस तो मरण पावला. ती भिंत १९६५ सालीं उचलून न्यूकॅसलच्या हॅटन कलादालनांत नेण्यांत आली.

आतां आपल्या देशाकडे येऊं. १९४७ च्या फाळणींत पंजाब दुभंगला, लाहोर पलीकडे गेलें, आणि इकडील पंजाबास राजधानी उरली नाहीं. शिवालिक टेंकड्यांच्या पायथ्याशीं चंडीगढ हें नवें नगर वसविण्याचें ठरलें आणि १९५१ पासून ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखालीं त्याची आंखणी झाली. सरळ रस्ते, चौरस विभाग, प्रत्येक गोष्टीस नेमलेली जागा. पण ती भूमि रिकामी नव्हती. तेथें कित्येक गांवें नांदत होतीं. तीं उठविण्यांत आलीं आणि त्यांचीं घरें पाडण्यांत आलीं.

या नगराच्या बांधकाम खात्यांत रस्त्यांवर देखरेख करणारे निरीक्षक म्हणून नेकचंद सैनी नांवाचे एक गृहस्थ १९५१ सालीं नोकरीस लागले. त्यांचा जन्म १९२४ सालीं शकरगढ भागांतील एका खेड्यांत झाला होता. फाळणीनें तें खेडें सीमेपार राहिलें. कलेचें शिक्षण त्यांनीं कोठेंही घेतलें नव्हतें. दिवसा ते नव्या नगराचे रस्ते करीत, आणि त्याच नगरासाठीं पाडलेल्या घरांचे अवशेष त्यांच्या नजरेसमोर पडलेले असत. ज्यानें स्वतःचें गांव गमावलें आहे त्याला दुसऱ्यांच्या उठलेल्या गांवांचा ढिगारा हा नुसता ढिगारा कसा वाटावा?

१९५८ च्या सुमारास त्यांनीं वेंचण्यास प्रारंभ केला. सायकलीवरून ते हें सामान वाहून नेत. पाण्यानें झिजून पक्ष्यासारखे वा माणसासारखे दिसणारे दगड ते नदीनाल्यांच्या पात्रांतून आणीत. शहराच्या उत्तरेस, जेथें कोणतेंही बांधकाम करण्यास बंदी होती अशा राखीव झाडींत, एक झोपडी बांधून त्यांनीं हा सांठा केला. कित्येक वर्षें नुसतें वेंचणेंच चाललें होतें. रचना मागाहून आली. मोडक्या सायकलींच्या सांगाड्यावर सिमेंट व वाळूचा लेप द्यावयाचा आणि तो ओला आहे तोंच त्यावर बांगड्यांचे तुकडे, कपबशांच्या ठिकऱ्या, भट्टींत फाजील भाजून वेड्यावांकड्या झालेल्या विटांचे गोळे दाबून बसवावयाचे, अशी त्यांची पद्धति. अशा रीतीनें राजे, पाणी वाहणाऱ्या बाया, वादक, माकडें, मोर यांच्या रांगाच्या रांगा त्या झाडींत उभ्या राहिल्या. पिकासोनेंही १९४२ सालीं सायकलीची बैठक आणि हाताळावयाचा दांडा जोडून बैलाचें मस्तक केलें होतें. तें एका क्षणाचें चातुर्य आहे आणि मोठें आहे. नेकचंदांच्या मूर्तींत सायकल दिसत नाहीं, ती आंत हाडाच्या जागीं असते.

येथें आपल्या पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण होते. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनीं दिवे, दौती, अडकित्ते, वज्ऱ्या अशा नित्याच्या वस्तु गांवोगांव हिंडून जमविल्या आणि अकालीं गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नांवानें त्यांचें संग्रहालय उभें केलें. त्यांनीं वस्तु जशी होती तशी राखली. कलावंत तिला मोडून जोडतो. मग कोणतें योग्य? माझें मत असें कीं धड वस्तूस हात लावूं नये. अलीकडे घरांची शोभा वाढविण्यासाठीं चांगली समई वा गंगाळ कापून भलतेंच कांहीं करण्याची हौस दिसते, तींत मला कल्पकतेपेक्षां आडदांडपणा अधिक वाटतो. श्वित्तर्सनें किंवा नेकचंदांनीं उचललें तें इतरांनीं टाकलेलें होतें. त्यांनीं फोडून कांहीं घेतलें नाहीं.

१९७० नंतरच्या कांहीं वर्षांत हें गुपित अधिकाऱ्यांस उमगलें. कायद्यानें तें सर्व पाडावयास हवें होतें, आणि तसा विचारही झाला. पण ज्यांनीं तें पाहिलें त्यांना तें पाडवेना. १९७६ सालीं ‘रॉक गार्डन’ या नांवानें तें लोकांस खुलें झालें. सरकारनें नेकचंदांस त्याच कामावर नेमलें आणि हाताखालीं पन्नास मजूर दिले. १९८४ सालीं त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली. तरी संकट टळलें नव्हतें. १९९० च्या सुमारास बागेच्या कांहीं भागावर बुलडोझर आले, तेव्हां शहरांतले नागरिक हातांत हात घालून आडवे उभे राहिले. १९९६ सालीं नेकचंद परदेशीं असतांना अज्ञात लोकांनीं कित्येक मूर्तींची मोडतोड केली.

नेकचंद २०१५ च्या जूनमध्यें वारले. बागेचा जो भाग त्यांनीं शेवटीं उभारला त्यांत मूर्ति थोड्या आहेत. तेथें उंच कमानींची रांग आहे आणि त्या कमानींस साखळ्यांनीं झोके टांगलेले आहेत. तेथें येणारीं मंडळी त्यांवर बसून झोके घेतात.