हुकूमशाही कशी ओळखायची? मराठवाड्याने पाहिलेल्या चार खुणा

दरवर्षी १७ सप्टेंबरला चाकूरपासून नांदेडपर्यंत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. १९४८ साली याच दिवशी निजामाच्या हैदराबाद संस्थानाने शरणागती पत्करली. त्याआधी इथल्या माणसाला राज्यकर्ता बदलण्याचा अधिकार नव्हता. सत्ता मोजक्या हातांत आणि तिला जाब विचारायची सोय नाही, म्हणजे हुकूमशाही.

ती कशी ओळखायची?

१. बोलायलाही परवानगी लागते. 'गश्ती निशान ५३' या हुकमाने जाहीर सभेआधी सरकारी परवानगी सक्तीची केली.

२. एकत्र येणं गुन्हा ठरतं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. ती १९४६ पर्यंत टिकली.

३. झुंडीला अभय मिळतं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील होता.

४. पत्रकार लक्ष्य होतात. रझाकारांवर टीका करणारे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली.

निवडून आलेलं सरकारही या वाटेने जाऊ शकतं. १९७५ च्या आणीबाणीत विरोधक तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली. १९७७ मध्ये मतदारांनी ते सरकार घालवलं.

लोकांनी काय केलं?

राजकीय सभा अवघड झाल्या तेव्हा लोक शाळा आणि परिषदांमधून जोडले गेले. स्वामी रामानंद तीर्थ आधी शिक्षक होते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. १९३८ मध्ये सत्याग्रहींनी तुरुंगवास पत्करला. शेवटच्या टप्प्यात सशस्त्र लढाही झाला.

याची एक काळी बाजूही आहे. शरणागतीनंतर अनेक निरपराध मुस्लिमांवर सूड उगवला गेला. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद नोंदवले. लातूर तेव्हा उस्मानाबादमध्येच होतं. राजवटीचा गुन्हा एखाद्या समाजाच्या माथी मारला की नवा अन्याय सुरू होतो.

आज तुम्ही काय करू शकता?

• ग्रामसभेला जा. वर्षातून किमान चार घेणं बंधनकारक आहे. तिथे खर्चाचा हिशोब मागा.
• माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत साधारणपणे ३० दिवस.
• एखाद्या समाजाविरुद्ध भडकवणारा मेसेज आला, तर खातरजमा केल्याशिवाय पुढे पाठवू नका.
• न पटणारं बोलणाऱ्याचाही बोलण्याचा हक्क जपा. आज त्याचं तोंड बंद झालं, तर उद्या तुमची पाळी येऊ शकते.